ऑफिसच्या संगणकांवर सॉफ्टवेअर आपोआप कसं बसवायचं? सोलापुरातल्या आयटीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, चिंचोळीचं गोडाऊन आणि शहरातलं ऑफिस असे मिळून दीडशेच्या आसपास संगणक मी सांभाळतो. पेनड्राइव्ह खिशात घालून टेबलाटेबलाशी फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज होऊनच जातं. गावातल्या इतर कारखान्यांत, पतसंस्थांत, कॉलेजांत हेच काम करणारी मंडळी फोन करून जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळं विंडोजपुरतं आहे, कारण आपल्या ऑफिसांत तेच आहे.

सेटअप फाइल तर कंपनीच देते. मग पॅकेज करायचं म्हणजे काय करायचं?

सेटअप फाइल प्रश्न विचारते. कुठे बसवू, शॉर्टकट हवा का, सर्व्हरचा पत्ता काय, अटी मान्य आहेत का. ही उत्तरं आजवर तुमच्या डोक्यात होती आणि तुम्ही दरवेळी नव्याने देत होतात. पॅकेज म्हणजे ती उत्तरं एकदा नीट ठरवून लिहून ठेवणं, म्हणजे समोर माणूस नसतानाही इन्स्टॉलेशन पार पडतं. सोबत काढून टाकायची कमांड हवी, ते खरंच बसलंय का हे तपासायची खूण हवी, आणि हे असं का केलं याची चार ओळींची नोंद हवी.

नोंदीवर माझा जास्त जोर आहे. एखादा मुलगा नोकरी सोडून पुण्याला जातो आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर कुठल्या पोर्टवर चालतं हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. असं मी तीन ठिकाणी पाहिलंय.

आमच्याकडे दहा-बाराच संगणक आहेत. एवढा खटाटोप परवडेल का?

सगळ्या संगणकांवर एकदम सॉफ्टवेअर पाठवणारं मोठं टूल विकत घेऊ नका, पण पॅकेज मात्र करा. सर्व्हरवर किंवा एखाद्या बऱ्या संगणकावर शेअर केलेलं एक फोल्डर ठेवा. प्रत्येक सॉफ्टवेअरचा त्यात वेगळा कप्पा: सेटअप, बसवायची छोटी स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल), काढायची स्क्रिप्ट आणि नोंद. फोल्डर सगळ्यांना वाचता यावं, पण त्यात लिहायची परवानगी फक्त तुम्हाला असावी. हे विसरू नका, कारण तिथली फाइल कुणी बदलली तर ती अ‍ॅडमिनच्या अधिकाराने सगळीकडे चालेल. एक हार्ड डिस्क गेली की या फोल्डरची किंमत कळते. नवा संगणक अर्ध्या दिवसाऐवजी तासाभरात हाती येतो.

सायलेंट इन्स्टॉलचा स्विच कुठून कळतो?

सायलेंट म्हणजे काही न विचारता, आणि स्विच म्हणजे कमांडपुढे जोडायचा शब्द. आधी सेटअप कशाने बनवलाय ते बघा. एमएसआय फाइल (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरसाठी बनवलेला सेटअप) असेल तर तुमचं नशीब चांगलं. विंडोज इन्स्टॉलर १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आला आणि त्याचे स्विच ठरलेले आहेत: ‘स्लॅश आय’ने बसवायचं, ‘स्लॅश एक्स’ने काढायचं, ‘स्लॅश क्यूएन’ने खिडकी न दाखवता, आणि ‘नोरीस्टार्ट’ लावलं की संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही.

ईएक्सई, म्हणजे साधी चालवायची फाइल असेल, तर तो इनो सेटअपचा आहे की एनएसआयएसचा (सेटअप बनवायची ही दोन साधनं) ते शोधा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये किंवा पहिल्या खिडकीच्या चेहऱ्यावरून बहुतेक वेळा कळतं. इनोला ‘व्हेरीसायलेंट’ लागतं, सोबत ‘सप्रेसएमएसजीबॉक्सेस’. एनएसआयएसला फक्त ‘स्लॅश एस’ लागतो आणि तो एस कॅपिटलच हवा. छोटा टाकलात तर खिडकी उघडते. कित्येक ईएक्सईंच्या पोटात एमएसआय दडलेला असतो. सेटअप चालू करा, पहिल्याच खिडकीवर थांबा आणि टेम्प फोल्डरात डोकावा. बऱ्याचदा तिथे सापडतो.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ईमेल करून विचारा. इथल्याच एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्याने बनवलेलं असेल तर समोर बसून सांगा की सायलेंट स्विच द्या. आमच्या बारकोडवाल्यांनी मागितल्यावर आठवड्याभरात दिला. त्याआधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या संगणकावर चाललं. पाठवल्यावर मात्र कुणालाच आयकॉन दिसेना. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याच दगडाला मीही अडखळलोय. पहिल्या वर्षी चाळीस संगणकांवर डिझाइन विभागाचं एक सॉफ्टवेअर पाठवलं. अहवालात चाळीसच्या चाळीस यशस्वी. सकाळी कारखान्यात पाय ठेवला तर एकाच्याही डेस्कटॉपवर शॉर्टकट नाही.

कारण असं की, टूलने पाठवलेलं इन्स्टॉलेशन बहुतेक वेळा तुमच्या नावाने चालत नाही. ते ‘सिस्टम’ नावाच्या विंडोजच्या आतल्या खात्याने चालतं. या खात्याला अधिकार भरपूर, पण त्याचं घर वेगळं. सेटअप जेव्हा म्हणतो ‘सध्याच्या वापरकर्त्याच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेव’, तेव्हा तो शॉर्टकट सिस्टम थर्टीटू फोल्डरच्या आत सिस्टमच्याच प्रोफाइलमध्ये जाऊन बसतो. तिथे कोण बघायला जाणार? विंडोज जिथे सेटिंग्ज नोंदवतं त्या रजिस्ट्रीचंही तसंच. ‘करंट यूजर’खाली लिहिलेली सेटिंग सिस्टमच्या खात्यात पडते, टेबलावरच्या माणसाला मिळत नाही.

म्हणून पॅकेज तपासताना आपल्या अ‍ॅडमिन लॉगिनवर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनांमधलं पीएसएक्झेक घ्या, त्यातून सिस्टम खात्याची कमांड खिडकी उघडा आणि तिथून स्क्रिप्ट चालवा. जे उद्या होणार आहे ते आजच डोळ्यांसमोर होतं. विंडोज प्रोमध्ये ‘विंडोज सँडबॉक्स’ही मिळतो. बंद केला की सगळं पुसलं जातं, त्यामुळे कोरी पाटी दरवेळी तयार. तुमच्या रोजच्या संगणकावर आधीच शंभर गोष्टी बसलेल्या असतात. नव्या मशिनवर नेमकी कुठली लायब्ररी कमी पडेल हे त्यावर कधीच कळणार नाही.

आणि जे सॉफ्टवेअर मुळातच प्रत्येक माणसाच्या प्रोफाइलमध्ये बसणारं आहे, त्याला सिस्टममधून ढकलू नका. ते वापरकर्त्याच्या लॉगिनमधूनच चालवा.

डीएससी टोकनचा ड्रायव्हर सायलेंट बसवताना अडकतो. काय करावं?

डीएससी टोकन म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट ठेवलेली, पेनड्राइव्हसारखी वस्तू. हे सविस्तर सांगतो, कारण अकाउंट्स विभाग ज्यावर अडतो ती वस्तू हीच. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-३बीची, मुदत दर महिन्याच्या वीस तारखेला. अशाच एका वीस तारखेला दुपारी अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला. “सर, टोकन लावलंय, लाइट पण लागलाय, पण पोर्टलवर सर्टिफिकेटच दिसेना झालंय ओ.” जाऊन पाहिलं तर जुना ड्रायव्हर गेलेला आणि नवा आलेलाच नव्हता. विभागातल्या सहा संगणकांची तीच गत.

चूक माझ्या पॅकेजची होती. मी आधी जुना ड्रायव्हर काढत होतो आणि मग नवा बसवत होतो. नवा बसताना विंडोजने विचारलं, या प्रकाशकाचा ड्रायव्हर बसवू का? हा प्रश्न सिस्टम खात्याच्या अदृश्य पडद्यावर उमटला. हो म्हणायला तिथे कुणीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या टूलमध्ये इन्स्टॉलेशनला साधारण साठ मिनिटांची मुदत असते. ती संपल्यावर टूलने काम अर्धवट सोडून दिलं.

आता मी असं करतो. एका संगणकावर ड्रायव्हर हाताने बसवतो आणि त्याच्या सही असलेल्या कॅटलॉग फाइलमधलं प्रकाशकाचं सर्टिफिकेट बाहेर काढतो. आधी विंडोजच्याच सर्टयूटिल कमांडने ते सर्टिफिकेट संगणकाच्या ‘ट्रस्टेड पब्लिशर्स’ कप्प्यात टाकायचं, मग पीएनपीयूटिल कमांडने ड्रायव्हर घालायचा, त्यानंतर कंपनीचं टोकन सॉफ्टवेअर. आणि हे सगळं बसल्याची खात्री झाल्यावरच जुनं काढायचं. असं केल्यावर विंडोज काही विचारत नाही. मात्र हे सर्टिफिकेट म्हणजे विश्वासाचं कुलूप आहे. टोकन बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या ड्रायव्हरसाठीच ते उघडा. पेनड्राइव्हवरून आलेल्या अनोळखी सेटअपसाठी कधीच नाही.

टूल ‘यशस्वी’ म्हणतं, पण सॉफ्टवेअर उघडत नाही. विश्वास कशावर ठेवायचा?

डिटेक्शनवर, म्हणजे सॉफ्टवेअर खरंच बसलंय का हे तपासायच्या खुणेवर, आणि ती तुम्ही स्वतः ठरवा. सेटअपने शेवटी शून्य आकडा परत केला म्हणजे त्याच्या मते काम झालं, एवढाच त्याचा अर्थ. फोल्डर आहे का हे तपासू नका. सॉफ्टवेअर काढल्यावरही रिकामं फोल्डर मागे राहतं. मुख्य फाइल तपासा, आणि तिचा आवृत्ती क्रमांक ‘इतका किंवा त्याहून जास्त’ असा तपासा. ‘बरोबर इतकाच’ असं लिहिलंत आणि सॉफ्टवेअरने स्वतःच अपडेट घेतलं, तर टूलला वाटेल काहीच बसलेलं नाही आणि ते जुनी आवृत्ती पुन्हा ढकलत राहील.

बत्तीस बिटची सॉफ्टवेअर चौसष्ट बिटच्या विंडोजवर ‘प्रोग्राम फाइल्स एक्सएटीसिक्स’मध्ये जातात आणि त्यांची रजिस्ट्री ‘वॉव सिक्स्टीफोर थर्टीटू नोड’खाली असते. डिटेक्शन चुकीच्या घरात शोधत असतं, म्हणून ‘सापडलं नाही’ येतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

१६०३ चा अर्थ काय? नेटवर तर शंभर उत्तरं आहेत.

१६०३ हा एमएसआय इन्स्टॉलेशन फसल्यावर येणारा आकडा. शंभर उत्तरं आहेत, कारण १६०३ म्हणजे फक्त ‘काहीतरी गंभीर बिघडलं’. खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, असतं. एमएसआयला सविस्तर लॉगचा स्विच द्या, लॉग नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द इंग्रजीत शोधा. जिथे सापडतील त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचा. बिघाड तिथेच लिहिलेला असतो.

बाकीचे आकडे सरळ आहेत. ३०१० म्हणजे बसलं, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. हे अपयश नाही, टूललाही तसं सांगून ठेवा. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झालं. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. १६३८ म्हणजे याच सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती आधीपासून आहे.

कुठलं टूल घ्यावं?

आधी संगणकांवर विंडोज कुठलं आहे ते मोजा. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपवर सर्रास ‘होम’ असतं आणि होम डोमेनला (ऑफिसचे सगळे संगणक एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) जोडता येत नाही. मग ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे डोमेनमधून सगळ्यांना एकदम सेटिंग लावण्याचा, विचारच करता येत नाही. नव्या खरेदीत ‘प्रो’च मागा. मालकांना वरचे पैसे आज जास्त वाटतील, पण नंतर प्रत्येक मशिनसाठी वेगळा अपग्रेड घ्यावा लागतो.

डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसी वेगळे पैसे न देता सॉफ्टवेअर बसवते, पण फक्त एमएसआय, तेही संगणक सुरू होताना किंवा लॉगिन होताना. झालं की नाही याचा नीट अहवालही देत नाही. सगळे एकाच आवारात असाल तर पीडीक्यू डिप्लॉय हे टूल शिकायला सोपं. शाखा विखुरलेल्या असतील, लोक घरून काम करत असतील आणि मायक्रोसॉफ्टचं वर्गणीचं खातं आधीच असेल, तर इंट्यून. त्यात आपलं पॅकेज एका छोट्या टूलने गुंडाळून वर चढवावं लागतं. विंगेट हे मायक्रोसॉफ्टचं कमांडवरून सॉफ्टवेअर बसवायचं साधन फुकट आहे आणि एकट्यादुकट्या मशिनवर मला फार आवडतं. पण सिस्टम खात्यातून ते सरळ नावाने हाक मारून चालत नाही, विंडोजअ‍ॅप्समधला पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

टूल बदललं तरी पॅकेज तेच राहतं. म्हणून मेहनत पॅकेजवर घाला.

इंटरनेटची लाइन बारीक आहे. सगळीकडे एकदम पाठवलं तर ऑफिस बंद पडतं.

हिशेब करून बघा. तीन जीबीचं सॉफ्टवेअर पन्नास संगणकांनी वेगवेगळं उतरवलं तर दीडशे जीबी. पन्नास एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने, दुसरं काहीही न करता, ते उतरवायला साडेसहा तासांवर घेते. म्हणजे सकाळी दहाला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत ना ईमेल ना ई-वे बिल.

विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नीट लावा. एका संगणकाने आणलेले तुकडे त्याच नेटवर्कवरचे बाकीचे त्याच्याकडून घेतात. दिवसाच्या वेळेसाठी वेगाची मर्यादाही त्यातच घालता येते. एकाच आवारात असाल तर लोकल सर्व्हरवर एक प्रत ठेवणं हा त्याहून साधा उपाय.

कुठल्या दिवशी पाठवावं?

आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यावर लाल खुणा आहेत. सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी. या तारखा आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस अकाउंट्सच्या संगणकांना हात लावायचा नाही. मार्चचा दुसरा पंधरवडा तर पूर्ण सोवळ्यात. साखर कारखान्यातल्या मित्रांनी गाळप हंगामात काट्याच्या संगणकापासून दूर राहावं. तिथे ट्रॅक्टरांची रांग थांबली की शेतकरी उन्हात उभे राहतात.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत सगळं उरकू, असं मलाही वाटायचं. करू नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अर्धं गाव रस्त्यावर असतं, संगणक बंद असतात, आणि बिघडलं तर सांगायला टेबलावर कुणी नसतं. मंगळवार किंवा बुधवार सकाळ सगळ्यात चांगली.

आणि एकदम सगळ्यांना कधीही नाही. आधी माझा संगणक आणि शेजारचे दोन, मग प्रत्येक विभागातला एक असे आठ-दहा, तीन दिवस वाट बघायची, मग बाकीचे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट एका झटक्यात जगभर गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला टप्प्यांची गरज असेल तर आपल्याला का नसावी?

माणूस काम करत असतानाच सॉफ्टवेअर बंद झालं आणि त्याचं टायपिंग गेलं. भांडण झालं.

भांडण रास्त आहे. त्याचं काम आपल्या अपडेटपेक्षा मोठं आहे. पॉवरशेल अ‍ॅप डिप्लॉयमेंट टूलकिट वापरा. ते फुकट आहे. अमुक प्रोग्राम उघडा असेल तर ते आधी विचारतं आणि ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा देतं. किती वेळा पुढे ढकलायचं ते तुम्ही ठरवता. आम्ही तीनदा ठेवलंय.

त्यातला मजकूर बदलता येतो, तो मराठीत लिहा. आमचा असा आहे: “बिलिंगचं सॉफ्टवेअर नवं करायचं आहे, दहा मिनिटं लागतील. उघडं बिल सेव्ह करून घ्या. आत्ता गिऱ्हाईक समोर असेल तर ‘नंतर’ दाबा.” इंग्रजी खिडकी आली की लोक घाबरून काहीही दाबायचे. आमच्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच आहेत, पण ऑफिसात मराठी सगळे वाचतात. मजकूर बदलल्यावर फोन जवळपास थांबले.

एक काळजी घ्या. स्क्रिप्टची फाइल ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ अशी सेव्ह करा. बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण. स्क्रिप्ट चालवणारं विंडोजचं जुनं पॉवरशेल ५.१ ती खूण नसेल तर देवनागरीचा पार चुराडा करतं.

मराठी फॉन्ट आणि कीबोर्डही असेच पाठवता येतात का?

येतात, पण दोन्हींची वाट वेगळी. फॉन्ट सगळ्यांसाठी बसवायचा तर फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जायला हवी आणि रजिस्ट्रीत संगणकाच्या फॉन्ट यादीत तिची नोंद हवी. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधा वापरकर्ताही फॉन्ट बसवू शकतो. मात्र तो त्याच्या एकट्याच्या प्रोफाइलमध्ये जातो. दुसऱ्या शिफ्टचा माणूस लॉगिन करतो आणि लेबलवर चौकोन दिसतात.

कीबोर्ड हा प्रत्येक माणसाची सेटिंग आहे, म्हणून ती स्क्रिप्ट लॉगिन झालेल्या माणसाच्याच नावाने चालवा. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या फाइली मात्र त्याच फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. तो फॉन्ट परवान्यासह जपून ठेवा आणि नवं सगळं युनिकोडमध्येच लिहायला लावा.

जुनी आवृत्ती काढायची स्क्रिप्ट कशी लिहू?

रजिस्ट्रीच्या अनइन्स्टॉल यादीतून कमांड वाचा. नेटवर ‘विन थर्टीटू प्रॉडक्ट’ वापरून यादी काढायच्या एका ओळीच्या स्क्रिप्ट मिळतात, त्या वापरू नका. ती यादी मागितली की विंडोज प्रत्येक एमएसआय तपासायला घेतं आणि काहींची दुरुस्तीही सुरू करतं. चालू कारखान्यात हे नको.

मध्येच लाइट गेली तर?

एमएसआय अर्धवट राहिला तर पुढच्या वेळी मागे फिरायचा प्रयत्न करतो. ईएक्सईची खात्री नाही. म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी नुकसान होणार नाही अशी लिहा: आधी तपास, असेल तर गप्प बाहेर पड, नसेल तर बसव. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर थांबायची अटही घाला. विणकाम विभागातल्या संगणकांच्या पंख्यांत सुताचे तंतू अडकतात, मे महिन्यात ते तापून मध्येच बंद पडतात. तिथे पॅकेजआधी ब्लोअर मारा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पॅकेज करून द्याल का?

नाही. हाताने एका संगणकावर घातलेला क्रॅक एक संगणक बिघडवतो. पॅकेजमधून तोच क्रॅक सर्वोच्च अधिकाराने सगळीकडे जातो. फुकटचे चांगले पर्याय शोधायला मात्र मी केव्हाही बसेन. परवान्याचा नंबर किंवा पासवर्डही कमांडमध्ये उघडा लिहू नका, तो लॉगमध्ये उमटतो.

सुरुवात कशाने करू?

सेव्हन-झिपने. छोटं, फुकट, एमएसआयमध्ये मिळतं, आणि बिघडलं तरी कुणाचं बिल अडत नाही. संकेतस्थळावरून एमएसआय उतरवा, सँडबॉक्समध्ये ‘स्लॅश क्यूएन’ने बसवा, लॉग वाचा, काढा, पुन्हा बसवा. मग पीएसएक्झेकने सिस्टम खात्यातून तेच करा. डिटेक्शन लिहा आणि मुद्दाम सॉफ्टवेअर काढून ते ‘नाही’ म्हणतं का ते बघा. त्यानंतर दोन संगणकांवर पाठवा आणि प्रत्यक्ष त्या टेबलाशी जाऊन आयकॉन उघडून बघा.

दुसरं पॅकेज असं निवडा ज्याच्यासाठी तुम्हाला महिन्यातून सगळ्यात जास्त वेळा जिना चढावा लागतो.